गंज झाकावा की काढावा?



घराच्या मागच्या अंगणात किंवा गल्लीच्या एखाद्या कोपऱ्यात ताडपत्री पांघरून उभी असलेली जुनी मोटार तुम्ही नक्कीच पाहिली असेल. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर आणि त्या धुळीत कोणीतरी बोटाने लिहिलेली नावे. अशी गाडी पाहिली की हात शिवशिवतात. ‘आपणच ही नीट केली तर? ठोकठाक करून छानसा रंग दिला तर?’ हा लेख अशा शिवशिवणाऱ्या हातांसाठी आहे. मात्र रंगाचा डबा आणण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर ठरवून टाका. पत्र्यावरचा गंज झाकावा की काढावा?

माझे उत्तर मी आधीच सांगून टाकतो. काढावा, आणि काढणे जमणार नसेल, तर निदान झाकू तरी नये. उघडा गंज दिसतो, म्हणून माणूस त्याच्याशी जपून वागतो. झाकलेला गंज फसवतो. हे मत मी पुस्तकात वाचून बनवलेले नाही. त्यासाठी आम्हाला एक धडा घ्यावा लागला. तोच आधी सांगतो.

माझ्या मामांकडे रत्नागिरीला १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी होती. ही गाडी म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११००. मुंबईकरांना ती काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सींपैकी शेवटच्या पद्मिनीही रस्त्यावरून निवृत्त झाल्या. मामांची गाडी खासगी होती आणि समुद्रावरून येणारी खारी हवा तिने तीस वर्षे खाल्ली होती. २०१७ साली गणपतीच्या आधी ती चकचकीत करून घ्यायची असे आम्ही ठरवले. पंधरा दिवसांत गाडी रंगून आली. आरशासारखी! आरतीला आलेला प्रत्येक जण तिच्यावरून हात फिरवून गेला.

पुढच्या पावसाळ्यात दारांच्या खाली रंगावर फोड आले. आम्ही दुर्लक्ष केले. आणि एके दिवशी मागचे चाक पंक्चर झाले. माझ्या मामेभावाने दाराखाली जॅक लावला आणि दांडी फिरवू लागला. गाडी थोडी उचलली गेली, मग ‘कर्रर्र’ असा आवाज झाला आणि जॅकच पत्र्यातून वर घुसला. गाडी धाडकन खाली बसली. चाक अजून काढलेले नव्हते, म्हणून दादाचा हात वाचला.

फाटलेल्या भागात आम्ही बोटे घातली, तर आतून काय निघाले? दोन बोटे जाडीची लांबी, तिच्यामागे तारेची जाळी आणि जाळीमागे वर्तमानपत्राचा ओला बोळा. एका तुकड्यावरची तारीख वाचता येत होती : ऑगस्ट २०१७. पत्रा असा तिथे उरलाच नव्हता.

आम्ही रंगाऱ्याला नावे ठेवू लागलो. तेव्हा पत्र्याचे काम करण्यात उभी हयात घालवलेले एक वृद्ध कारागीर, ज्यांना सारे चाचा म्हणतात, ते एवढेच म्हणाले, “मास्तर, तुम्ही रंग मागितलात, रंग मिळाला. पत्रा बघ असं म्हणालात का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? पत्रा म्हणजे गाडीचे कपडे. कपड्याला ठिगळ लावले म्हणून काय बिघडले? इथेच मोठा गैरसमज आहे. फार पूर्वीच्या मोटारींना खाली लोखंडी तुळयांची मजबूत चौकट असे आणि तिच्यावर पत्र्याची पेटी बसवलेली असे. तिथे पत्रा म्हणजे खरोखरच कपडे. पण १९२२ साली इटलीतील लान्सिया कंपनीने ‘लॅम्ब्डा’ ही गाडी आणली. तिच्यात वेगळी चौकट नव्हती. गाडीचे अंगच सारा भार पेलत होते. पुढे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. आपली पद्मिनी आणि अँबॅसडर या दोन्ही गाड्याही याच जातीच्या. अंड्याचे कवच जसे स्वतःच भिंत आणि स्वतःच खांब असते, तसेच हे. दाराखालची जी पेटीसारखी आडवी पट्टी असते (आपण तिला गाडीचा उंबरा म्हणू), ती पुढची आणि मागची चाके एकमेकांना बांधून ठेवते. तिचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, पण पेटीच्या आकारामुळे त्याला बळ येते. तो उंबरा लांबीचा आणि वर्तमानपत्राचा असेल, तर अपघाताच्या वेळी आत बसलेल्यांचे काय होईल याचा विचार तुम्हीच करा.

बरे, झाकलेला गंज नुसता तिथेच राहतो असेही नाही. तो वाढतो, आणि उघड्या गंजापेक्षा जोमाने वाढतो. असे का?

लोखंड गंजण्यासाठी हवेतला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात, हे तुम्ही खिळे आणि तीन परीक्षानळ्यांच्या प्रयोगात पाहिले आहे. पण त्या प्रयोगात एक गोष्ट कळत नाही. गंजणे ही एक विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पत्र्याच्या एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथे ऑक्सिजन त्यांना स्वीकारतो. म्हणजे पत्र्यावर जणू एक छोटीशी बॅटरीच चालू असते. मीठ असेल तर पाणी विजेचे चांगले वाहक बनते आणि ही बॅटरी अधिक जोराने चालते. समुद्रकाठच्या गाड्या लवकर का सडतात, ते यावरून लक्षात येईल.

आता गंमत पाहा. लोखंड नेमके कोठे विरघळते? जिथे ऑक्सिजन भरपूर तिथे, असे आपल्याला वाटेल. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब पोलादावर ठेवून दाखवून दिले, की घडते ते उलटे. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, तिथे हवेतून ऑक्सिजन सहज पोहोचतो. थेंबाच्या मध्यभागी तो कमी पोहोचतो. लोखंड विरघळते ते मध्यभागी, ऑक्सिजनची टंचाई असलेल्या जागी! कडेचा भाग इलेक्ट्रॉन खपवतो आणि मधला भाग झिजत जातो.

हा प्रयोग तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम मीठ, चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब घाला. लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा. (बिस्किटाच्या डब्याचा पत्रा घेऊ नका, त्याला कथिलाचा मुलामा असतो.) त्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवा आणि न हलवता पाहत राहा. थोड्या वेळाने कड गुलाबी होईल आणि मध्य निळा. निळा रंग म्हणजे विरघळलेले लोखंड. या द्रावणात आम्ल मात्र मिसळू नका, आणि प्रयोगानंतर हात स्वच्छ धुवा.

हा थेंब मनात ठेवून आता त्या उंबऱ्याकडे पाहा. लांबीच्या थरामागे ओला कागद, कागदात मीठ, आणि हवा पोहोचायला वाट नाही. थेंबाचा मध्यच तो! त्यात भर म्हणजे, गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागू शकते. तो फुगतो, लांबीला आतून ढकलतो, तिथे फट पडते आणि फटीतून आणखी पाणी शिरते. रंगावर आलेला फोड ही त्याची पहिली वर्दी. आम्ही ती ऐकली नाही.

म्हणून जुन्या गाडीच्या कामात पहिले हत्यार हातोडी नव्हे, की रंगाचा फवाराही नव्हे. पहिले हत्यार चुंबक. प्रयोगशाळेतले साधे चुंबक पातळ कापडात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा उठणार नाही, आणि गाडीच्या अंगावरून हळूहळू फिरवा. अंतर वाढले की चुंबकाची ओढ झपाट्याने कमी होते. त्यामुळे जिथे रंगाखाली लांबीचा जाड थर असेल, तिथे चुंबक सैल पडेल किंवा गळून पडेल. ती जागा खडूने रेखा. दारांचे खालचे काठ, मडगार्डच्या कमानी, उंबरा, डिकीचा तळ आणि पायाखालच्या चटईखालचा पत्रा या नेहमीच्या जागा. चुंबक चिकटले म्हणजे सारे ठीक असे मात्र समजू नका; पातळ झालेल्या पत्र्यालाही ते चिकटते. तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून आवाज ऐका. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बदबद वाजतो.

या रेखलेल्या जागांचे काय करायचे? माझ्या मते गंजाच्या तीन पायऱ्या मानाव्यात आणि प्रत्येकीला वेगळा उपाय करावा.

पहिली पायरी वरवरच्या तांबड्या गंजाची. हा घरी घासून काढता येतो. घासूनही खड्ड्यांत जो अगदी पातळ थर उरतो, त्याच्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचे किंवा टॅनिनचे द्रव मिळतात. टॅनिन गंजाशी संयोग पावून काळा, स्थिर थर बनवते. हे रसायन तुमच्या घरातही आहे. हिरडा कुटून रात्रभर पाण्यात भिजवा आणि ते पाणी गंजलेल्या खिळ्यावर लावा. काही तासांत गंज काळा पडू लागेल. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करीत, तीच ही क्रिया.

दुसरी पायरी खोल खड्ड्यांची, जिथे पत्रा पातळ झाला आहे पण फुटलेला नाही. हे दाखवावे जाणत्याला. आणि तिसरी पायरी भोकांची. तिथे उपाय एकच : सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून काढणे आणि त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगने जोडणे. चाचांनी आमचा उंबरा असाच केला. ते एका ठिकाणी क्षणभर टाका देत आणि मग हातभर लांब दुसऱ्या ठिकाणी जात. एकाच जागी उष्णता साठली तर पत्रा प्रसरण पावून वाकडा होतो, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

वेल्डिंग विद्यार्थ्यांनी करू नये. पेट्रोलची टाकी असलेल्या वस्तूजवळ तर मुळीच नाही. पण कापण्याआधीची शोधाशोध आणि जोडल्यानंतरचे घासणे ही कामे तुमची. चाचांच्या शेजारी बसून पाहणे हेही तुमचे काम. पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरून पुढून हातोडीचे हलके ठोके देत पोचा उठवताना ते वर्धनीयतेचा धडाच देत असतात. फार ठोकले की पत्रा कडक होतो आणि ताणला जाऊन फुगतो, म्हणून ते ठोके मोजूनमापून देतात.

मग लांबी मुळीच वापरू नये का? तसे माझे म्हणणे नाही. लांबी ही वाईट वस्तू नव्हे. स्वच्छ, कोरड्या, निरोगी पत्र्यावर उरलेला दोन-तीन मिलिमीटरचा उथळ खळगा भरायला ती उत्तम. भोक बुजवायला मात्र ती नाही. लिहिताना खाडाखोड सारखी करायला पांढरी शाई वापरावी. पान फाटले असेल तर तिचा काय उपयोग?

पत्रा बरा झाल्यावर संरक्षणाचे थर येतात. आधी प्रायमर. पत्र्यावर लावायचा नेहमीचा तांबडा प्रायमर पाहिला आहे ना? त्यातला रंगकण म्हणजे गेरूसारखा लोहाचा ऑक्साइडच! ज्याच्याशी भांडायचे त्याचाच भाऊबंद पहारा देतो. फरक हा, की गंज भुसभुशीत असतो आणि पाणी धरून ठेवतो, तर प्रायमरमधले बारीक कण चिवट थरात घट्ट बांधलेले असतात. जस्ताची संयुगे असलेले प्रायमर याहून चांगले. त्यावर रंग. आपले रंगारी मोटारीच्या रंगाला अजून ‘ड्यूको’ म्हणतात. हे नाव अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या १९२३ सालच्या लवकर वाळणाऱ्या रंगाचे. शंभर वर्षे झाली, रंग बदलले, नाव टिकले.

आणखी एक छोटी गोष्ट. दारांच्या आणि उंबऱ्याच्या तळाशी बारीक भोके असतात. ती गंजाची नव्हेत. कारखान्याने पाणी निथळण्यासाठी मुद्दाम ठेवलेली असतात. रंगकामात ती बुजतात आणि आत तळे साचते. काम संपल्यावर प्रत्येक भोक काडीने मोकळे करा. पेटीसारख्या पोकळ भागांत आतून मेणाचा द्रव फवारून घ्या. कोकणात पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर गाडीला खालून जळके ऑइल मारीत. गंज त्याने थोडा थांबतो, पण ते रस्त्यावर आणि मातीत गळते, आणि रबराचे भाग फुगतात. ती पद्धत सोडलेली बरी.

आता तुमच्या आवडीच्या विषयाकडे वळतो. गाडी नुसती पूर्ववत करायची की तिला आपल्या पसंतीने सजवायचे? छत कापावे, मडगार्ड रुंद करावे, पुढचा चेहरा बदलावा, असे तुमच्या मनात येत असेल. कल्पना करायला माझी हरकत नाही. वहीत हजार चित्रे काढा. पण मघाचे अंड्याचे कवच आठवा. छत कापणे म्हणजे कवच फोडणे. कायदाही हेच सांगतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. रंग बदलता येतो; मात्र त्याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे पूर्ण केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण तिचा सांगाडा, अंग आणि इंजिन मूळ रूपात असले तरच. म्हणून माझे मत असे : हौस रंगात करा, बैठकीच्या कापडात करा, चाकांच्या झाकण्यांत करा. भार पेलणाऱ्या लोखंडात करू नका.

सुरक्षिततेबद्दलही थोडे स्पष्ट बोलतो. जुन्या रंगात शिसे असू शकते. एके काळी प्रायमरमध्ये शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, सर्रास घालीत. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. पाणी लावून घासा आणि तोंडावर चांगला मुखवटा बांधा. हल्ली मोटारीसाठी दोन द्रव मिसळून जो रंग फवारतात, त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. ती फुप्फुसांना कायमचा अपाय करू शकतात आणि साध्या मुखवट्याने अडत नाहीत. असला फवारा घरी मारू नये, मग कितीही पैसे वाचत असोत.

पैशाचा विषय निघालाच, तर माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत मोठा आक्षेपही पाहू. ‘खरे काम महाग पडते आणि वेळ खाते; सामान्य माणसाने काय करावे?’ आक्षेप खरा आहे. आमच्या गाडीला दोन सुट्ट्या लागल्या, आणि २०१७चा रंग तर वायाच गेला. पण सगळे एकदम करण्याची सक्ती कोणी केली आहे? उंबरा आणि तळ आधी करा. तोवर दारे तांबड्या प्रायमरमध्येच राहू द्या. गाडी ठिगळाठिगळांची दिसेल. दिसू द्या! अर्धवट पण खरी दुरुस्ती झालेली गाडी, पूर्ण झालेल्या खोट्या दुरुस्तीपेक्षा सुरक्षित असते. तसेच, हिशेब मांडल्यावर गाडी वाचवण्यापलीकडे गेली आहे असे दिसले, तर ते मान्य करून ती रीतसर भंगारात देणे हाही प्रामाणिकपणाच आहे.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. क्षरणाचा धडा शिकवताना परीक्षानळ्यांबरोबर एखादे सडलेले मडगार्ड वर्गात आणा. शेजारच्या गॅरेजमधल्या कारागिराला एक तास बोलवा. त्याला शब्द सुचणार नाहीत, तुम्हाला हात चालणार नाहीत. दोघे मिळून धडा पूर्ण होईल.

आमच्या पद्मिनीचा एक दरवाजा अजून तांबडाच आहे. नव्या उंबऱ्याची आतली बाजू बंद करण्यापूर्वी आम्ही तिची छायाचित्रे काढली आणि काय कापले, काय जोडले, ते तारखेनिशी एका वहीत लिहिले. ती वही गाडीच्या कप्प्यात असते. उद्या जॅक लावणाऱ्या माणसाला आत काय आहे ते कळलेच पाहिजे.